खारवट, चोपण की नुसती चिबड?

पाऊस ओसरला, नदी पात्रात गेली, की या सदराच्या पत्रांचा विषय ठरलेला असतो: काठाचं रान. या खेपेला दूधगंगा, वेदगंगा, कृष्णा आणि बेळगावचा बळ्ळारी नाला, चारही ठिकाणांहून पत्रं आलीत. नोकरीची सगळी वर्षं माती-पाण्याच्या प्रयोगशाळेत गेल्यामुळे हा विषय माझ्या आवडीचा आहे, त्यामुळे पहिलं उत्तर लांबलंय. पत्रलेखकांची नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

अक्का, दूधगंगेच्या काठाला आमचं तीन एकराचं सखल रान आहे. वडिलांच्या काळात एकरी ६० टन ऊस निघायचा, आता २५ च्या वर जात नाही. पूर्वी उन्हाळ्यात रानावर पांढरं फुटायचं. २०१९ ला आणि परत २०२१ ला पुराचं पाणी रानात बसून राहिलं, तेव्हा वाटलं बरं झालं, मीठ धुऊन गेलं. पांढरं गेलं खरं, पण रान आधीपेक्षा कडक झालं. पाणी दिलं की चार-चार दिवस वरच उभं. पुराआधीच्या मृदा आरोग्य पत्रावर पीएच ८.४ आणि ईसी २.८ होती, आत्ताच्या पत्रावर पीएच ९.१ आणि ईसी ०.७. दुकानदाराच्या सांगण्यावरून एकरी दहा पोती जिप्सम टाकलं, काडीचा फरक नाही. काय करावं? — एक शेतकरी, सदलगा

दादा, दोन्ही पत्रं जपून ठेवलीत आणि आकडे लिहून पाठवलेत, त्यामुळे निदान सोपं झालं. ईसी, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, खाली आली, पीएच वर गेला. तुमचं रान खारवट-चोपण होतं, ते आता नुसतं चोपण, म्हणजे सोडियमने घट्ट बसलेलं, झालंय.

पुरानं मीठ धुतलं हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण रानातला सोडियम दोन जागी असतो. एक मातीतल्या पाण्यात विरघळलेला आणि दुसरा चिकणमातीच्या कणांना चिकटलेला. पुराचं गोडं पाणी विरघळलेला घेऊन गेलं, चिकटलेला जागच्या जागी राहिला. आपल्या काळ्या रानात जी चिकणमाती आहे ती बहुतांशी मॉन्टमोरिलोनाइट गटातली. तिचा कण म्हणजे एकावर एक रचलेल्या अतिशय पातळ पत्र्या. पाणी प्याली की फुगते, वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पत्र्यांना कॅल्शियम चिकटलेला असेल तर त्या पुंजक्यांनी राहतात आणि पुंजक्यांमधून पाणी खाली उतरतं. सोडियम जास्त झाला की पुंजके फुटतात, सुट्या पत्र्या बारीक छिद्रांत जाऊन बसतात आणि रान बंद होतं. गंमत अशी की, मातीतल्या पाण्यात मीठ भरपूर असेल तोवर हे होत नाही. मीठच पत्र्यांना सुटू देत नाही. म्हणून खारट असतानाही तुमचं रान पाणी घ्यायचं, आणि मीठ गेल्यावर घेईनासं झालं. पुराच्या आधी त्यात पुरेसं जिप्सम असतं तर तोच पूर औषधाला आला असता.

शास्त्राची मोजपट्टी अशी: संपृक्त लगद्यातून, म्हणजे पाण्याने पुरत्या भिजवलेल्या मातीतून, काढलेल्या पाण्याची ईसी ४ डेसिसायमनच्या (हे ईसीचं एकक) वर आणि विनिमययोग्य, म्हणजे कणांना चिकटलेल्या, सोडियमचा वाटा (ईएसपी) १५ टक्क्यांच्या आत असेल तर जमीन खारवट. ईसी ४ च्या खाली, ईएसपी १५ च्या वर, पीएच साधारण ८.५ च्या पुढे, तर चोपण. ईसी आणि ईएसपी दोन्ही वर, तर खारवट-चोपण. आता एक सावधानता. मृदा आरोग्य पत्रावरची ईसी माती आणि पाणी साधारण १:२.५ प्रमाणात कालवून मोजतात. भारी मातीत तीच ईसी संपृक्त लगद्यात कितीतरी जास्त भरते. म्हणजे तुमची जुनी २.८ ही ४ च्या आत नव्हती, चांगलीच बाहेर होती. आणि दुसरं म्हणजे त्या पत्रावर बारा गोष्टी असतात, पण सोडियम त्यात नाही. जिप्समचा डोस त्या पत्रावरून काढताच येत नाही. रयत संपर्क केंद्रात नमुना देताना किंवा खाजगी प्रयोगशाळेत जाताना ‘ईएसपी आणि जिप्समची गरज’ ही तपासणी वेगळी मागून घ्या. नमुना एकाच थराचा नको. ० ते १५, १५ ते ३० आणि ३० ते ६० सेंटीमीटर असे तीन घ्या. खालचा थर बघितल्याशिवाय मी तरी कुणाला सल्ला देत नाही.

तपासणी येईतोवर घरी एक परीक्षा करा. वाटाण्याएवढं सुकं ढेकूळ काचेच्या पेल्यात ठेवा, वरून हलक्या हाताने पावसाचं किंवा बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी सोडा आणि ढवळू नका. दोन तासांनी ढेकळाभोवती दुधाळ धुकं पसरलं असेल तर सोडियम बोलतोय. नुसतं ढासळून चुरा झाला पण पाणी नितळ राहिलं, तर एवढं बिघडलेलं नाही. विहिरीचं पाणी वापरू नका, त्यातल्या क्षारांमुळे ढेकूळ खोटं शहाण्यासारखं वागतं.

आता तुमची दहा पोती. ५० किलोचं पोतं धरलं तर एकरी अर्धा टन. हिशोब असा बसतो: वरच्या १५ सेंटीमीटर थरात दर १०० ग्रॅम मातीमागे १ मिलिइक्विव्हॅलंट सोडियम हटवायला शुद्ध जिप्सम हेक्टरी जवळपास १.९ टन, म्हणजे एकरी पाऊण टनाच्या थोडं वर लागतं. आपल्या भारी मातीची धारणक्षमता, म्हणजे सोडियम-कॅल्शियम चिकटवून ठेवायची ताकद, ५० मिलिइक्विव्हॅलंट धरू आणि तुमचा ईएसपी २० निघाला असं समजू. तो १० वर आणायचा तर ५ मिलिइक्विव्हॅलंट हटवावे लागतील, म्हणजे एकरी सुमारे ३.९ टन. तेही शुद्ध जिप्समचं, बाजारातलं पूर्ण शुद्ध नसतं. दहा पोत्यांनी रानाला कळलंसुद्धा नसेल. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे प्रयोगशाळेतून येऊ द्या. आणि सगळं एकदम टाकायचं नाही. निघालेल्या गरजेच्या निम्मं पहिल्या वर्षी, मग परत माती तपासून पुढचं.

पण थांबा, जिप्सम विकत घ्यायला इतक्यात जाऊ नका. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमची जागा घेतो, सुटलेला सोडियम सल्फेट होऊन पाण्यात उतरतो. ते पाणी रानाबाहेर कुठून जाणार? निचरा नसेल तर ते तीन फुटांवर थांबतं आणि उन्हाळ्यात परत वर येतं. भारी मातीत भूजल दीड-दोन मीटरच्या आत आलं की बाष्पीभवन ते वर खेचायला लागतं. म्हणून निचरा आधी. जिप्सम विकणारा हे सांगणार नाही, त्याचा धंदा पोत्यांचा आहे.

यासाठी एक स्वस्त काम आजच करा. दीड-दोन इंची पीव्हीसी पाइपाच्या खालच्या अर्ध्या भागाला भोकं पाडा, जुन्या साडीचं फडकं गुंडाळा आणि ऑगरने सहा फूट खोल भोक घेऊन उभा करा. असे तीन पाइप: एक वरच्या बांधाला, एक मध्ये, एक नदीकडे. पंधरा दिवसांनी दोरीला जड नट बांधून आत सोडायचा, ‘डुबुक’ आवाज आला की दोरी मोजायची. वहीत तारीख लिहा, पाणी कधी दिलं तेही लिहा. वरच्या बांधाच्या पाइपात पाणी नेहमी उंच दिसत असेल तर दुखणं तुमचं नाही, वरच्या माळावरच्या उचल पाण्याचं आहे. रात्री थ्री फेज आली की मोटार ऑटो स्टार्टरवर आणि मालक अंथरुणात. त्या पाण्याचा शेवट तुमच्यासारख्याच्या सखल रानात होतो. अशा वेळी वरच्या बांधालगत पाणी अडवून वळवणारा खोल चर आधी काढा. कधी कधी तेवढ्यानेच निम्मं काम होतं.

मधल्या पाइपातही पाणी तीन फुटांच्या आत असेल तर जमिनीखालचा निचरा हवा. सच्छिद्र नालीदार पीव्हीसी पाइप, वर गाळणीचं कापड गुंडाळलेला, साडेतीन ते पाच फूट खोल. भारी मातीत दोन ओळींत साधारण २० ते ३० मीटर अंतर. हे सगळे एका मोठ्या पाइपाला जोडायचे आणि तो ओढ्यात किंवा नदीत सोडायचा. दूधगंगा पावसाळ्यात तुमच्या रानापेक्षा उंच वाहते, त्यामुळे तोंडाला एकाच बाजूला उघडणारी झडप लागेल, नाहीतर पाइपातून पूर उलटा रानात येईल. उतार मिळत नसेल तर कोपऱ्यात हौद आणि पंप. मोल नाला स्वस्त पडतो, ट्रॅक्टरमागे गोळा ओढून दीड-दोन फुटांवर बोगदा पाडतात, पण तुमच्यासारख्या चोपण मातीत तो लवकर ढासळतो. आत्ता त्यात पैसे घालू नका.

निचरा झाला की पुढचा क्रम: सपाटीकरण, बांध, मग मे महिन्यात जिप्सम पसरून वरच्या चार इंचांत मिसळणे. खोल नांगरटीने गाडायचं नाही. मग पहिला पाऊस बांधात अडवायचा. भारी मातीत एकदाच तळं करण्यापेक्षा थोडं पाणी, विश्रांती, परत थोडं पाणी असं केलं तर कमी पाण्यात जास्त क्षार उतरतात, कारण एका दमात भरलेलं पाणी भेगांतून धावतं आणि ढेकळाच्या पोटातलं मीठ तसंच राहतं. त्यानंतर हिरवळीच्या खताचा धैंचा, आणि फुलावर यायच्या आत, ४५-५० दिवसांत गाडायचा. शेणखत आणि कारखान्याची मळी (प्रेसमड) जेवढी मिळेल तेवढी चांगली. मात्र मळी सल्फिटेशन पद्धतीच्या कारखान्याची असावी. कार्बोनेशनच्या मळीत चुना असतो आणि तो तुमच्या पीएचला नको आहे.

तुमच्या रानात चुनखडीचे खडे दिसत असतील तर जिप्समऐवजी गंधकही चालतं. मातीतले जिवाणू गंधकाचं आम्ल करतात, ते आम्ल चुनखडी विरघळवतं आणि कॅल्शियम घरचाच मिळतो. एक टन गंधक साधारण ५.४ टन जिप्समचं काम करतं. त्याला ओल, ऊब आणि काही आठवडे द्यावे लागतात.

पहिल्या वर्षी ऊस नको. मला माहीत आहे, सदलग्यात ऊस लावू नका म्हणणं म्हणजे शिव्या खाणं आहे. पण उसाला लगद्याची ईसी १.७ च्या पुढे त्रास सुरू होतो आणि पुढच्या प्रत्येक डेसिसायमनला उतारा ६ टक्क्यांनी घटत जातो. कापसाची सहनशक्ती ७.७ पर्यंत, सातूची ८ पर्यंत, गव्हाची ६ पर्यंत. एक वर्ष धैंच्यानंतर गहू घ्या, मग लावणीचं बघू.

बोअरचं पाणी ईसी २.१ आणि आरएससी ३.८ आलंय. ठिबक केलं तर हे पाणी उसाला चालेल का? एजंट म्हणतो ठिबकला कुठलंही पाणी चालतं. — कुडचीहून एक वाचक

चालेल म्हणजे मोटार चालेल. मीठ कुठे जाणार ते बघा. ईसी १ असलेल्या पाण्यात लिटरला साधारण ६४० मिलिग्रॅम क्षार असतात. तुमच्या पाण्याचा हिशोब केला तर एका एकराला हंगामात १ मीटर पाणी दिल्यावर सुमारे ५.४ टन मीठ रानात आलं. ट्रॉली भरून कुणी मीठ आणून टाकलं तर तुम्ही काठी घेऊन धावाल, इथे आपणच बटण दाबतो. ठिबकने पाणी कमी लागतं म्हणून मीठही कमी येतं, एवढं खरं. पण आलेलं मीठ ओलाव्याच्या कडेला गोळा होतं आणि पहिल्या हलक्या पावसात मुळांकडे सरकतं. म्हणून मृगाची पहिली सर आली की ठिबक बंद करायचं नाही, चालू ठेवायचं. लोक नेमकं उलट करतात.

तुमची मोठी अडचण ईसीपेक्षा आरएससी, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमला पुरून उरणारा कार्बोनेट, ही आहे. १.२५ पर्यंत निर्धोक, २.५ पर्यंत जपून, त्यापुढे पाणी रानाला हळूहळू चोपण करतं, कारण त्यातला कार्बोनेट मातीतल्या कॅल्शियमला चुना करून बसवतो आणि मैदान सोडियमचं होतं. कृष्णेचं पाणी मिळतं त्या पाळीत नदीचंच द्या, बोअर फक्त ताणाच्या दिवसांत. दोन्ही हौदात मिसळता आली तर उत्तम. नुसतं बोअरचंच द्यायची वेळ आली तर १००० घनमीटर पाण्यामागे आरएससी १ ने उतरवायला ८६ किलो शुद्ध जिप्सम लागतं. एकराला चार इंचांची पाटाची पाळी म्हणजे साधारण ४०० घनमीटर; ३.८ वरून २.५ वर यायला प्रत्येक पाळीला ४५ किलो. पोती पाटाच्या तोंडाशी हौदात ठेवून पाणी त्यावरून जाऊ द्या. हे जिप्सम ठिबकच्या नळीत घालू नका, तोट्या बंद होतील.

ताई, आमच्या वेदगंगेकडच्या रानात दहा गुंठ्यांचा तुकडा खारा आहे. सोयाबीन उगवलं आणि करपलं. मालक म्हणतात तिथे तंबाखू लावू, तंबाखू कशातही येतो. उरलेल्या रानातला ऊस गुऱ्हाळाला जातो. — निपाणी भागातील एक गृहिणी

तंबाखू येईल, पण विकणार कुणाला? खाऱ्या रानात क्लोराइड जास्त, ते पानात चढतं, आणि क्लोराइड चढलेलं पान नीट जळत नाही. निपाणीच्या बाजारात हे पान हातात घेऊनच ओळखणारे लोक बसलेत. मालकांना हेही सांगा की तंबाखूला पालाश द्यायचा तर म्युरेट ऑफ पोटॅश नको, त्यात क्लोराइडच असतं. सल्फेट ऑफ पोटॅश घ्या.

सोयाबीनचं नवल नाही. ईसी ५ पर्यंत ते तग धरतं, पण त्यापुढे एकेका डेसिसायमनला पाचवा हिस्सा पीक जातं. म्हणजे सोयाबीन हळूहळू आजारी पडत नाही, एकदम झोपतं.

म्हशी असतील तर त्या दहा गुंठ्यांत पॅरा गवत लावा. ओल आणि खार दोन्ही सोसतं, वर्षभर कापायला मिळतं. म्हशी नसतील तर रब्बीत करडई. आणि त्या तुकड्याला लागून असलेला ऊस गुऱ्हाळाला घालू नका, कारखान्याला द्या. खाऱ्या रानाच्या उसाचा गूळ खारट लागतो आणि पावसाळ्यात लवकर पाघळतो. एका आदणाने सगळ्या ढेपांचं नाव जातं.

बळ्ळारी नाल्याकडेला भात आहे. दर पावसाळ्यात पाणी तुंबतं, रोपं कुजतात. जमीन क्षारपड झाली म्हणून दुकानदाराने जिप्समचं कोटेशन दिलंय. माती तपासणी: पीएच ६.४, ईसी ०.२. — वडगाव, बेळगाव

कोटेशन परत करा. ही जमीन खारवट नाही, चोपण नाही, नुसती चिबड, म्हणजे पाणी तुंबून राहणारी, आहे. बेळगावला अथणीच्या दुप्पट पाऊस पडतो, तुमच्याकडे क्षार साठायला वेळच मिळत नाही. तुम्हाला जिप्सम नको, नाल्यातली जलपर्णी आणि गाळ मे महिन्याच्या आत निघायला हवा. तो खर्च एकट्याने करायचा नसतो. सगळ्या बांधकऱ्यांच्या सह्यांचा अर्ज करा, सोबत तुंबलेल्या पाण्याचे फोटो आणि उतारे जोडा.

आमच्या पाचजणांची रानं लागून आहेत, सगळी खारावलेली. निचरा पाइप घालायचं ठरलं, पण ओढ्याकडचा पाचवा म्हणतो माझ्या रानातून पाइप नेऊ देणार नाही. बाकी चौघांनी आपापलं करावं का? — उगारजवळून

चौघांचं पाणी शेवटी त्या पाचव्याच्याच रानात उतरेल, आणि मग तो बोलणारसुद्धा नाही, सरळ पाइपाचं तोंड बुजवेल. एकेकट्याचा निचरा क्वचितच टिकतो. तुमच्याच भागात उगार बुद्रुकला जमिनीखालच्या निचऱ्याचं सामूहिक काम झालंय, पलीकडे शिरोळ तालुक्यात साखर कारखान्याच्या पुढाकाराने गावंच्या गावं एकत्र आली आहेत, आणि सांगलीजवळच्या कसबे डिग्रज संशोधन केंद्रात या विषयावर काम चालतं. पाचव्याला शब्दांनी पटवू नका, गाडीत घालून एक दिवस शिरोळला घेऊन जा. वाटेत जेवण तुमच्याकडून.

त्याची भीती खरी असू शकते हेही धरा. त्याच्या रानातून जाणारा मोठा पाइप बांधावरून किंवा गाडीवाटेच्या कडेने न्या, मधोमध नको. त्याच्या रानातल्या निचऱ्याच्या ओळींचा खर्च चौघांनी उचलावा. ओढ्याच्या तोंडाशी त्याची जमीन आहे, देखभाल त्याच्याच नजरेखाली राहणार आहे. करार स्टँप पेपरवर करा. त्यात पाइपाची वाट, खोली, दुरुस्तीसाठी रानात उतरण्याचा हक्क, जमीन विकली तर नव्या मालकावरही तो बंधनकारक राहील ही अट, आणि खर्चाची वाटणी, एवढं यायलाच हवं. भाऊ-भाऊ असाल तरी करा, भाऊ असाल तर नक्कीच करा.

पहिली दोन-तीन वर्षं पाइपातून निघणारं पाणी खूप खारं असतं. ते ओढ्यात जिथे पडेल तिथून खाली कुणाची पिण्याची विहीर किंवा जनावरांचा पाणवठा आहे का, हे आधी चालत जाऊन बघा, आणि असेल तर तोंड त्याच्या खाली न्या. जोडणीच्या प्रत्येक ठिकाणी तपासणीचा हौद ठेवा आणि त्यावर झाकण बसवा. पाइपाच्या तोंडाला जाळी बसवा, घुशी आत घर करतात. गाळ दरवर्षी दसऱ्यानंतर काढायचा, आणि ते काम कोणत्या वर्षी कुणाकडे हेही करारातच लिहून टाका.